गरम इंजिन आणि एक ‘टक्’: पिकअपच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज पप्पा, आई आणि मी पिकअप घेऊन जोतिबाला गेलो होतो. दर्शन घेऊन खाली आलो, पप्पांनी चावी फिरवली आणि बॉनेटखालून फक्त एक ‘टक्’ आला. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, फिरलाच नाही. दुसऱ्यांदा टक्, तिसऱ्यांदा टक्. मी हेडलाइट लावायला सांगितले, गाडीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, आता मारा चावी. टक् झालं, पण हेडलाइट जराही मंद झाला नाही. सातव्या की आठव्या वेळी गाडी एका दमात चालू झाली, जशी रोज सकाळी होते तशी.

घाट उतरताना पप्पा म्हणाले, "गणपतीपासनं चाललंय हे. तू कामात असतीस म्हणून बोललो न्हाई." बॅटरी जुनी झाली असेल असं समजून त्यांनी ऑक्टोबरात नवी घातली होती. आठ दिवस बरे गेले आणि परत तेच. मग एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, सेल्फच नवा टाका. तेवढ्यावर अजून निर्णय झालेला नाही, हे बरं झालं.

आमचं कोल्हापुरात उद्यमनगरात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पप्पांनी उभं केलं, आता मी चालवते. ही पिकअप २००६ ची, साधं डिझेल इंजिन, त्यात कॉम्प्युटर वगैरे काही नाही. वडणगे, केर्ली, प्रयाग चिखली या बाजूच्या मळ्यांतून जळालेल्या विजेच्या मोटारी दुकानात आणायच्या आणि वायंडिंग भरून परत पोचवायच्या, हे तिचं काम. दादा चालवतो. मळ्यात दोन मोटारी चढवून गाडी बंद पडली की ढकलायलाही माणूस मिळत नाही. ऊस दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला असतो, हाक मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून हे काम आता मी हातात घेतलं. जे करेन ते तारीखवार लिहून ठेवणार आहे.

पहिली गोष्ट लिहून ठेवते, कारण यातच लोकांची गल्लत होते. ‘गाडी चालू होत नाही’ ही तक्रार एक नाही, दोन आहेत. सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, ही एक. तिथं डिझेल, लाइनला धरलेली एअर, हीटर प्लग, कॉम्प्रेशन बघायचं. सेल्फच फिरत नाही, ही दुसरी. तिथं बॅटरी, जाड केबल्स, चावीचा स्विच, सेल्फ, बस्स. आमची तक्रार दुसरी आहे. डिझेल फिल्टर बदलून काही होणार नाही.

आणि हेडलाइट मंद झाला नाही, याला अर्थ आहे. सेल्फ बॅटरीतून दोनशे अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढं ओढलं की दिवा मंद व्हायलाच पाहिजे. झाला नाही, म्हणजे बॅटरीतून करंट निघालाच नाही. वाट कुठेतरी अडली आहे.

२० नोव्हेंबर

गाडीचा इतिहास पप्पांना विचारून लिहिला. जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीकडे पाणी भरलं तेव्हा ही गाडी घरासमोरच उभी होती. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वेळी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. रात्रीत एवढं चढेल असं वाटलं नव्हतं. सीटच्या खालपर्यंत पाणी दोन दिवस राहिलं. पाणी उतरल्यावर ऑइल बदललं, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, डायनामोचे बेअरिंग बदलले, सेल्फ खोलून वाळवला, डॅशबोर्डखालचं वायरिंग उघडून कनेक्टर साफ केले. जाड केबल्स पाण्यानं धुऊन तशाच बसवल्या.

त्या महिन्यात दुकानात पुराच्या मोटारींची रांग लागली होती. गाळ निघता निघत नव्हता. त्यात स्वतःच्या गाडीला किती वेळ मिळाला असेल, याची मला कल्पना आहे.

२२ नोव्हेंबर, बुधवार

बॅटरी. नवी असली तरी मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही.

रात्रभर उभी गाडी, सकाळी साडेसहा: १२.६ व्होल्ट. पूर्ण भरलेली लेड अ‍ॅसिड बॅटरी एवढीच दाखवते. १२.२ दिसलं असतं तर ती अर्धी रिकामी समजायची. सेल्फ मारताना आकडा १०.९ पर्यंत उतरला. ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घेतला असता. चालू गाडीला १४.० व्होल्ट, म्हणजे डायनामो चार्ज करतोय. चावी काढून गळती मोजली, ३० मिलिअँपिअरच्या आत. रात्रीतून बॅटरी कोणी पीत नाही.

बॅटरी ठीक. ऑक्टोबरातले पैसे वाया गेले, हे पप्पांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

एक आकडा मात्र डोक्यात राहिला. १०.९ जरा जास्तच चांगला आहे. या इंजिनाला मी १०.५ च्या आसपास धरून चालले होते.

२३ ते ३० नोव्हेंबर

गाडीत एक शंभरपानी वही दोरीनं बांधून ठेवली. नियम एकच: जो चावी मारेल त्यानं लिहायचं. वेळ, इंजिन गार की गरम, किती वेळ उभी होती, आवाज काय आला. दादा पहिल्या दिवशी कुरकुरला, मग न सांगता लिहायला लागला. त्याचं अक्षर डॉक्टरसारखं, पण वेळ बरोबर टाकतो.

आठ दिवसांत ४१ वेळा चावी मारली, ४ वेळा अडली. चारही वेळा इंजिन गरम होतं आणि गाडी दहा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत उभी होती. सकाळी गार इंजिनावर एकदाही नाही. तीन वेळा ‘एकच टक्’, एकदा ‘टकटकटक’. वडणग्यात एकदा दादानं बॉनेट उघडून व्हील पान्यानं सेल्फवर दोन ठोके दिले आणि गाडी लगेच चालू झाली.

हा ठोक्याचा प्रकार सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतो. ठोक्यानं चालू होणारा सेल्फ म्हणजे आतले कार्बन ब्रश अडकताहेत किंवा सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फला बॅटरी जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे, कॉन्टॅक्ट जळालेत, हा सरळ अर्थ. मीही तोच घेतला.

३ डिसेंबर, रविवार

सेल्फ उतरवण्याआधी एक खात्री करायची होती. चावी फिरवल्यावर सेल्फच्या ५० नंबरच्या टर्मिनलला, म्हणजे जिथं चावीची वायर येते तिथं, हुकूम पोचतो का? स्विचचा आतला कॉन्टॅक्ट गेला असेल तर सेल्फ खोलून उपयोग नाही. म्हणून त्या टर्मिनलवरून एक बारीक वायर काढून केबिनमध्ये आणली, तिला बारा व्होल्टचा छोटा बल्ब लावला, बल्बची दुसरी वायर डॅशबोर्डखाली बॉडीला. चावी फिरवली की बल्ब लागला पाहिजे.

मग गाडी गरम करायला मुद्दाम वाघबीळ चढून पन्हाळ्याला गेले. वर पाच वेळा बंद करून चालू केली, पाचही वेळा झाली. जी गोष्ट दादाला मळ्यात अडवते ती मी बघायला गेल्यावर दिसत नाही, याचा फार त्रास होतो. परत येताना केर्लीत रस पिण्यासाठी थांबलो आणि तिथं मिळाली. टक्. बल्ब पूर्ण प्रकाशानं लागलेला.

म्हणजे चावी, स्विच, वायर, सगळं सुटलं. उरला सेल्फ.

५ डिसेंबर, मंगळवार

सेल्फ उतरवला आणि दुकानाच्या टेबलावर घेतला. हे माझ्या घरचं काम.

आर्मेचर, म्हणजे सेल्फचा आतला फिरणारा भाग, ग्राउलरवर (वायंडिंगचा शॉर्ट शोधायच्या यंत्रावर) ठेवून हॅक्सॉ ब्लेड धरलं. एखाद्या खाचेवर ब्लेड थरथरलं तर तिथं वायंडिंग शॉर्ट समजायचं. पूर्ण फिरवलं, कुठेच थरथर नाही. कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, काळवंडलेला होता, लेथवर हलका घास घेतला, पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खोल केला. ब्रश अजून बरेच चालतील असे होते, होल्डरमध्ये मोकळे सरकत होते. मागचा बुश झिजलेला, तो नवा ठोकला.

सोलेनॉइड उघडला तेव्हा मात्र वाटलं, सापडलं. आतल्या तांब्याच्या दोन कॉन्टॅक्टांवर खड्डे पडलेले, मधली तांब्याची चकती एका बाजूनं काळी. सोलेनॉइडच्या आत दोन वायंडिंग असतात. एक जाड तारेचं, प्लंजर (आत सरकणारा लोखंडी दांडा) ओढून घेणारं. दुसरं बारीक तारेचं, ओढलेला प्लंजर धरून ठेवणारं. चकती कॉन्टॅक्टांवर आपटते तेव्हा ‘टक्’ येतो, सेल्फला बॅटरी मिळते, आणि त्याच क्षणी जाड वायंडिंगच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज आल्यानं त्याचं काम थांबतं. पुढं बारीक वायंडिंग एकटं धरून ठेवतं. किती साधी आणि किती हुशार रचना आहे. चकतीला करंट नेता आला नाही तर टक् येणार आणि मोटार गप्प राहणार. आमची तक्रार तंतोतंत हीच.

गरम इंजिनाचाही हिशेब बसत होता. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यानं वाढतो. साठ अंश जास्त तापलं तर पाव भागानं वाढ.

कॉन्टॅक्ट पालिश केले, चकती उलटी करून बसवली, सेल्फ चढवला, बोल्ट कसले. गाडी पहिल्या झटक्यात चालू. दादाला म्हटलं, वही चालू ठेव, पण मला वाटतंय झालं.

१४ डिसेंबर, गुरुवार

नऊ दिवस एकही चुकलं नाही. आज दुपारी प्रयाग चिखलीतून दादाचा फोन आला. मागे साडेसात हॉर्सपॉवरची मोटार, नदीकाठचा चढ, आणि गाडी टक् करून गप्प. वीस मिनिटांनी चालू झाली.

संध्याकाळी तो दुकानात आला तेव्हा काही बोलला नाही, वही फक्त टेबलावर ठेवली. मी पाच तारखेची नोंद परत वाचली. जे दुरुस्त केलं ते खरोखरच खराब होतं, त्यात शंका नाही. पण नऊ दिवस बरी राहून ती परत तशीच कशी झाली? नवा झालेला कॉन्टॅक्ट नऊ दिवसांत जळत नाही. मी सेल्फ उतरवताना आणि चढवताना अजून कशाला तरी हात लावला होता. कशाला, ते आठवेना.

१५ डिसेंबर

सकाळी दादा सहज म्हणाला, "ते ॲक्सिलेटरचं पण जरा बघ की. लई जड झालंय. पाय काढला तरी वर येत न्हाई पटकन."

"कधीपासनं?"

"झालं की दोन-तीन महिनं."

दोन-तीन महिने. गणपती.

दुपारी जेवण झाल्यावर ॲक्सिलेटरची केबल पंपाच्या बाजूनं सोडली. बाहेरून धड दिसत होती. इंजिनावरच्या ब्रॅकेटजवळ जिथं ती वळते तिथं बोट फिरवलं तर वरचं काळं प्लास्टिक ताठ आणि सुरकुतलेलं लागलं. आतली तार ओढून काढली. तारेभोवती असणारं पांढरं अस्तर पिवळट तपकिरी होऊन तारेला चिकटलं होतं. कढईच्या कडेला काकवी लागून सुकते तसं. नखानं खरवडलं तर टवका निघाला, आणि त्याखालची स्टीलची तार निळसर झालेली. स्टील निळं होतं ते तापल्यावर. ही केबल सायलेन्सरच्या बाजूला नाही, उलट बाजूला आहे. तिथं तिला तापवणारं काही नाही.

बाहेरचं काही नसेल तर ती आतून तापली. तारेला आतून तापवतो तो करंट. आणि ॲक्सिलेटरच्या केबलमध्ये करंट असायचं काय कारण?

हे सुचल्यावर मी खाली बसले. इंजिन चार रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल या गाडीत चेसिसला लावलेली आहे. सेल्फची बॉडी इंजिनाला. सेल्फमधून गेलेले दोनशे अँपिअर बॅटरीला परत यायचे तर इंजिनावरून चेसिसवर उतरायला पूल लागतो, तो म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, अर्थिंगचा पट्टा. तो पूल खचला की करंट मिळेल ती वाट धरतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी दुसरी धातूची वस्तू कोणती? ॲक्सिलेटरची केबल.

आणि तेव्हा आठवलं. तो पट्टा इंजिनाच्या बाजूनं सेल्फच्याच वरच्या बोल्टाखाली कसलेला आहे. पाच तारखेला सेल्फ उतरवताना मी तो हलवला, परत ठेवला, आवळला. नऊ दिवस त्याच्यामुळे मिळाले होते. वडणग्यात दादाचा पानासुद्धा सेल्फवर बसत होता, आणि हादरत होता तो पट्टा.

१६ डिसेंबर, शनिवार

आज अंदाज नाही, फक्त मोजमाप. केबल तात्पुरती परत जोडली, कारण बिघाड होता तसा मोजायचा होता.

पद्धत लिहून ठेवते. मीटर डीसी व्होल्टवर. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, थेट शिशावर, क्लिपवर नाही. दुसरी काडी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. इंजिन उचलू नये म्हणून डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवली. मग दादानं सेल्फ मारायचा आणि मी त्याच वेळी आकडा वाचायचा. वाट स्वच्छ असेल तर या दोन ठिकाणांत फरक ०.२ व्होल्टच्या आत राहतो.

गार इंजिन: ०.७ व्होल्ट. आत्ताच साडेतीनपट.

शिरोलीपर्यंत जाऊन गाडी गरम करून आणली. पहिल्यांदा मारली: १.९. सेल्फ फिरला, पण जड. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) बॅटरीच्या केबलभोवती २१० अँपिअर दाखवत होतं. तोच क्लॅम्प ॲक्सिलेटरच्या केबलभोवती घातला: ४६ अँपिअर. तो आकडा मी दादाला वाकून बघायला लावला. ज्या तारेवर त्याचा पाय असतो तिच्यातून ४६ अँपिअर जात होते.

चौथ्या वेळी टक्. आकडा सहा ते नऊ व्होल्टमध्ये नाचत होता. म्हणजे बॅटरीचे निम्मे ते पाऊण व्होल्ट या एका पुलावर संपत होते, सेल्फला उरत होते तीन ते सहा. सोलेनॉइड ओढतो, चकती लागते, लागल्याबरोबर सेल्फ करंट मागतो, पुलावर व्होल्टेज कोसळतं, आणि धरून ठेवणाऱ्या वायंडिंगला धरायला काही राहत नाही. ‘टक्’ आणि ‘टकटकटक’ दोन्हींचा अर्थ लागला.

मग वाटेचे तुकडे केले. निगेटिव्ह खांब ते चेसिस: ०.०८, ठीक. चेसिस ते इंजिन ब्लॉक: बाकी सगळं. पॉझिटिव्ह बाजू, खांबापासून सेल्फच्या ३० नंबरपर्यंत, म्हणजे जाड केबल लागते त्या टर्मिनलपर्यंत: ०.२, ठीक. गाडी उभी असताना हातानं पट्टा जरा पिळला आणि परत सेल्फ मारला, आकडा ०.६ वर आला. अजून पुरावा नको होता.

बल्बाचंही कोडं सुटलं. ३ तारखेला बल्बची दुसरी वायर मी बॉडीला लावली होती. बॉडीची बाजू चांगलीच होती, म्हणून बल्ब लख्ख लागला. ती वायर सेल्फच्या बॉडीला लावली असती तर केर्लीतच बल्ब मंदावलेला दिसला असता. सेल्फला काय मिळतं हे मोजायचं तर सेल्फच्याच अंगावर मोजलं पाहिजे.

रात्री पट्टा उतरवून टेबलावर घेतला. साध्या मीटरच्या ओहमवर ०.२ दाखवतो. मीटरच्या काड्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.२ च. कारण ओहम मोजताना मीटर मिलिअँपिअरहूनही कमी करंट सोडतं, तेवढा तर एका धाग्यातूनही आरामात जातो. इथं घात करायला दहा मिलिओहम पुरे. एरवी ते शून्यच धरतात, पण दोनशे अँपिअरला तिथं दोन व्होल्ट जातात. म्हणून पट्ट्यातून दुकानाच्या सप्लायनं १० अँपिअर सोडले आणि टोकांमधले मिलिव्होल्ट मोजले. गार: ३८. हीट गननं थिंबल (पट्ट्याच्या टोकाला तारांवर दाबून बसवलेला धातूचा तुकडा, ज्यातून बोल्ट जातो) तापवलं तसं चढत १२० वर गेलं. गरम असतानाच बोटानं हलवलं तर तीनशे, सातशे, परत दीडशे.

थिंबल करवतीनं उभं कापलं. बाहेरून झिंकचा करडा रंग, एक डागही नाही. आत विणलेल्या तारांच्या जागी हिरवी भुकटी, ओलसर, आणि तिच्यात मिसळलेला राखाडी बारीक गाळ. चिमटीत घेऊन चोळला. हा गाळ मी ओळखते, २०२१ च्या पावसाळ्यात महिनाभर प्रत्येक मोटारीतून तोच काढत होते. पुराचं पाणी तारांच्या विणीतून चढून थिंबलच्या तोंडात शिरलं, पाणी सुकलं, गाळ राहिला, आणि दोन वर्षं तांबं आतल्या आत खात राहिला. धड राहिलेले धागे एका बाजूला जेमतेम पाव जाडीचे. गरम झालं की थिंबल सैलावायचं आणि तेवढेही धागे नीट टेकेनासे व्हायचे. गार झालं की परत टेकायचे.

१७ डिसेंबर, रविवार

नवा पट्टा तयार मिळतो, पण मी केबलचा केला. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल, तीस सेंटिमीटर. कथिल चढवलेली तांब्याची थिंबलं. शेजारच्या दुकानातलं हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन मागून आणलं, हातोडीनं ठोकलेलं थिंबल मला या जागी चालणार नव्हतं. तोंडावर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली, म्हणजे पुढच्या वेळी पाणी आलं तरी तारांच्या विणीत चढणार नाही. टेबलावर १० अँपिअरला जेमतेम २ मिलिव्होल्ट.

चेसिसवर जिथं बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज ग्राइंडरनं काढून लोखंड चकचकीत केलं. दात असलेला वॉशर घातला. कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावायची नाही, धातूला धातू टेकू द्यायचा. दुसरा तसाच पट्टा इंजिनाच्या पुढच्या बाजूनं चेसिसला टाकला. बॅटरीची निगेटिव्ह केबल मोजून ठीक निघाली होती, तरी तीही बदलली, कारण तीही त्याच पाण्यात होती. ॲक्सिलेटरची केबल नवी.

गरम इंजिनावर मोजलं: ०.०६ व्होल्ट. ॲक्सिलेटरच्या केबलभोवती क्लॅम्प: शून्य.

आणि बॅटरी सेल्फ मारताना १०.५ वर उतरली. आधी १०.९ होती. पप्पा म्हणाले, "मग कमी झालं की!" कमीच व्हायला पाहिजे होतं. वाट अडलेली होती म्हणून बॅटरीला पूर्ण द्यावं लागत नव्हतं. आता सेल्फ मागेल तेवढं घेतो. आवाजातच कळतं, पूर्वीचा ‘घुर्र... घुर्र’ गेला, आता सलग फिरतो. पप्पांनी चार वेळा विनाकारण बंद करून चालू केली आणि मी काही म्हटलं नाही.

७ जानेवारी २०२४, रविवार

परत जोतिबा. तोच वेळ, तोच घाट, उभी केली तीही जवळपास त्याच जागेवर. दर्शनाला पाऊण तास लागला. गुलालानं हात भरले होते म्हणून चावी आईनं फिरवली, तिला गाडी येत नसताना. चालू झाली.

१८ डिसेंबरपासून वहीत ९६ नोंदी, अडलेली एकही नाही. त्यातल्या ३८ गरम इंजिनाच्या, दहा मिनिटं ते पाऊण तास उभी राहिल्यानंतरच्या, म्हणजे जिथं ती हमखास फसवायची तिथल्या. इंजिन आणि निगेटिव्ह खांब यांतला फरक आज गरम असताना परत मोजला: ०.०७.

वही अजून महिनाभर गाडीत राहील. बाकी काम: ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद लुकलुकतो. त्याचं अर्थिंग मागच्या हौद्याच्या खाली एका बोल्टावर आहे, तोही त्याच पाण्यात होता. मंगळवारी दादा लवकर आला तर तो सोडवून बघायचा.